अप्पांचं शिलाई केंद्र

रविवारी सकाळी शिवकुमारअप्पा शिडीवर चढले तेव्हा त्यांच्या खांद्यावर मोरांची सोलापुरी चादर होती आणि खाली शिडी धरायला कुणीच नव्हतं.

"अप्पा, काय करून राहिलात?" त्यांच्या लेकीनं, साक्षीनं, गॅलरीतून वाकून विचारलं.

"आधी शिडी धर. मग इचार."

साक्षी ओले केस तसेच पाठीवर सोडून खाली धावली. तोवर अप्पांनी चादरीचं एक टोक गॅलरीच्या कठड्याला बांधलं होतं. आदल्या संध्याकाळीच लागलेला नवाकोरा बोर्ड हळूहळू झाकला जात होता. वाजिद पेंटरनं तो मन लावून रंगवला होता. वर मराठीत, मधे उर्दूत, खाली कन्नडमधे, मजकूर एकच : 'निवांत समुपदेशन केंद्र. कुणीही यावं.' आता त्यातलं नुसतं 'कुणीही' तेवढं दिसत होतं. मग तेही मोराच्या पिसाऱ्याखाली गेलं.

घोटाळा तारखांचा होता. साक्षीला बघायला नायगावचे पाहुणे खरं तर पुढच्या आठवड्यात येणार होते. मुलाला सुट्टी मिळेना म्हणून त्यांनी शुक्रवारी फोन करून हाच रविवार कळवला. आणि ह्याच रविवारी अप्पांच्या पुतणीचं, वर्षाराणीचं, केंद्र सुरू व्हायचं होतं. ओट्याशेजारची खोली, जिथं कालपरवापर्यंत अप्पांच्या मोंढ्यातल्या धान्याच्या दुकानाची तुरीची पोती रचलेली असायची, ती तिनं चुना मारून, खिडक्या मोठ्या करून तयार केली होती. दारासमोर सारवून रांगोळी घातली होती आणि लहानसा मांडवही टाकला होता.

शिडीवरून उतरताना अप्पांना दारात वर्षा उभी दिसली. हातात झाडू होता. अप्पाच आधी बोलले.

"फक्त आजचा दिवस गं. ते लोक जेवून गेले की मी सोता चादर काढतो. मग तू बँड लाव, फटाके लाव."

"काका, बोर्डावर वाईट काय लिहिलंय?"

"वाईट न्हाई. पण लोक जे लिहिलंय ते वाचत न्हाईत. ह्यांच्या घरात कुणाचं तरी डोकं फिरलंय, असं वाचतात. मागच्या वेळी देगलूरच्या पाहुण्यांनी काय इचारलं ते इसरलीस? 'तुमची पुतणी वेड्यांच्यात काम करते म्हणे.' गेले ते पुन्हा फिरकले न्हाईत."

ओट्यावर मिश्री लावत बसलेल्या रत्नम्मा तिथूनच म्हणाल्या, "बरं झालं न्हाई फिरकले. त्या पोराचे कान केवढे होते!"

"अक्का, तू मधी पडू नको."

"मी कुठं पडले? मी बसलेय."

रत्नम्मा अप्पांची थोरली बहीण. लग्नानंतर थोड्याच वर्षांत नवरा गेला, तेव्हापासून उदगीरला माहेरीच असायच्या आणि ह्या घरात शेवटचा शब्द बहुतेक त्यांचाच असायचा. त्या वर्षाच्या बाजूनं आहेत हे अप्पांना पक्कं ठाऊक होतं. म्हणून त्यांनी आपली बाजू शोधायला लेकीकडं पाहिलं. वर्षानंही तिच्याचकडं पाहिलं.

"साक्षी, तुझं काय मत हाय?" वर्षानं विचारलं.

साक्षीनं खालचा ओठ चावला. फोटोतला नायगावचा मुलगा तिला आवडला होता. फोनवर तो मोजकं बोलला होता पण तिच्या औषधांच्या दुकानाबद्दल त्यानं नीट विचारलं होतं. "राहू दे ना ताई," ती म्हणाली. "एक दिवसाचा तर प्रश्न हाय."

वर्षानं मान हलवली आणि आत जाऊन पुन्हा झाडायला लागली. झाडलेलीच फरशी ती झाडत होती.

* * *

साबेरा नांदेडहून एस.टी.नं आली. हातात ताज्या खाऱ्यांचा पुडा होता. घरासमोर येऊन तिनं वर पाहिलं आणि कमरेवर हात ठेवला.

"ये क्या? बोर्डाला थंडी वाजली काय?"

"काकांनी पांघरूण घातलंय," वर्षा म्हणाली. तिला हसू आवरलं नाही, आणि हसताना डोळेही भरून आले. साबेरानं पुडा बाजूला ठेवून तिला जवळ घेतलं.

दोघींची मैत्री नांदेडला शिकताना झालेली. साबेराचं घर तिथल्याच इतवाऱ्यातलं, वडील पुस्तकं बांधायचे. पदवीनंतर दोघींनी किनवटकडच्या आश्रमशाळांच्या वसतिगृहांत काम केलं. पुढं साबेरा नांदेडच्या एका केंद्रात गेली, वर्षा लातूरला. आता आठवड्यातले काही दिवस साबेरा इथं येणार होती, कारण उदगीरच्या कितीतरी बायका मनातलं बोलायला लागल्या की दखनी उर्दूतच बोलतात आणि वर्षाची दखनी ऐकून त्यांना हसू येतं.

खोली लावायला रत्नम्माही आत आल्या. वर्षानं खुर्च्या अशा ठेवल्या होत्या की कुठंही बसलं तरी दार दिसावं. टेबल भिंतीला लावलेलं होतं, मधे काही नव्हतं. कोपऱ्यात सतरंजी, माठ, आणि दाराशी पायरीच्या जागी उतार केलेला, चाकाची खुर्ची आत यावी म्हणून. (अप्पांना तो हातगाडीसाठी वाटला होता आणि त्यांनी वर्षाच्या हुशारीचं कौतुकही केलं होतं.)

"दाराला कडी न्हाई?" रत्नम्मांनी विचारलं.

"आहे. पण लावायची की न्हाई ते येणाऱ्यानं ठरवायचं."

"अन् आल्यावर तू काय इचारणार पहिलं?"

"पाणी घेणार का, हे. आणि कुठं बसणार."

"काय झालं हे न्हाई इचारणार?"

"सांगावं वाटलं तर सांगतील. न्हाई वाटलं तर बसतील. पोरगा असो, पोरगी असो, तृतीयपंथी असो, कुणाचाही असो. आधी हितं जीवाला बरं वाटलं पाहिजे."

रत्नम्मा साबेराकडं वळून म्हणाल्या, "हे हिला नांदेडात शिकवलं म्हणून सांगते सगळ्यांना."

"मग, न्हाई शिकवलं?" साबेरा म्हणाली.

"तिथं त्याचं नाव तेवढं शिकवलं असंल."

साबेराला ते ठाऊक होतं. किनवटच्या वसतिगृहात एक मुलगी बाकाखाली जाऊन बसायची, कुणाशी बोलायची नाही. अधीक्षक तिला ओढून बाहेर काढायचे. वर्षा मात्र भुईमुगाच्या शेंगा घेऊन बाकाशेजारी जमिनीवर बसायची आणि सोलत राहायची. कितीतरी दिवसांनी बाकाखालून एक हात शेंगांकडं आला. त्या संध्याकाळी साबेरानं विचारलं होतं, हे तुला कसं सुचलं? तेव्हा वर्षानं पहिल्यांदा आपली गोष्ट सांगितली होती.

वर्षा सहा वर्षांची होती. वडील, मलप्पा गुरुजी, किल्लारीकडच्या एका गावात शिक्षक होते. त्र्याण्णवच्या भूकंपात दगडमातीचं घर बसलं. शेजाऱ्यांनी वर्षाला जिवंत बाहेर काढलं. आईवडील राहिले नाहीत. उदगीरला आणल्यावर ती घरात पाऊल ठेवेना आणि तोंडातून शब्द काढेना. येणारेजाणारे तिला मांडीवर घेऊन विचारायचे, सांग गं बाई, कसं झालं? सांगितलं की मोकळं वाटतं म्हणायचे. रत्नम्मांनी अंगणात बाज टाकली आणि पोरीला घेऊन तिथंच राहायला लागल्या. तिथंच जेवण, तिथंच वेणीफणी. 'सांग गं' म्हणणारा पाहुणा आला की त्या झाडू घेऊन उठायच्या. एक दिवस वर्षा आपणहून म्हणाली, आत्या, भूक लागली. आणि उंबरा ओलांडून स्वयंपाकघरात गेली. रत्नम्मांनी तेव्हाही काही विचारलं नाही, भाकरी वाढली.

"आले! पाहुणे आले!" आतून काकूंची हाक आली. अप्पांच्या पत्नी महानंदाकाकू सकाळपासून चुलीपाशी होत्या. वेळा अमावस्येची येळवस गुरुवारीच झालेली, पण मुलाच्या आजींनी फोनवर सगळ्या भाज्यांच्या भज्जीची आणि बाजरीच्या उंड्यांची आवर्जून चौकशी केली होती. म्हणून घरात पुन्हा येळवसच मांडली होती.

गाडीतून आधी मुलाचे वडील दयानंदराव उतरले, मग मुलगा भागवत, आणि त्याच्या हाताला धरून त्याची आजी, केवळाबाई. साबेरा दारातच उभी होती. भागवतनं वर पाहिलं आणि दोघांची नजर भेटली.

साबेराच्या चेहऱ्यावरची रेषही हलली नाही. ती जशी इतर पाहुण्यांकडं पाहत होती तशीच त्याच्याकडं पाहून बाजूला सरकली. आपल्याकडं येऊन गेलेला माणूस बाहेर भेटला तर आपण आधी ओळख दाखवायची नाही. त्याला दाखवायची असेल तर तो दाखवेल. हा नियम ती इतकी वर्षं पाळत आली होती, पण त्याचं इतकं ओझं तिला कधी वाटलं नव्हतं. भागवतचे कान लाल झाले. केवळाबाईंनी मात्र साबेराला डोक्यापासून पायापर्यंत न्याहाळलं आणि पदर तोंडाला लावला.

"मांडव कशाचा हो?" दयानंदरावांनी विचारलं. "आमच्यासाठी एवढं कशाला? अन् चादर कशाला टांगली?"

अप्पांनी ह्या प्रश्नाची तयारीच केली नव्हती. रात्रभर त्यांनी चादरीचाच विचार केला होता, चादरीचं कारण काय सांगायचं ह्याचा केला नव्हता.

"ते... आमच्या पुतणीचं... शिलाई केंद्र हाय," ते म्हणाले. "आज सुरू होणार. बायकांसाठी. शिलाई."

वर्षानं डोळे मिटले. रत्नम्मांनी मिश्रीची डबी उगाच उघडली आणि बंद केली.

केवळाबाई काठी टेकत उतारावरून थेट खोलीत गेल्या. खुर्च्या पाहिल्या, सतरंजी पाहिली, माठ पाहिला.

"मशीन कुठंय?"

"यायचीय," अप्पा घाईनं म्हणाले. "लातूरहून."

"असू द्या, असू द्या," केवळाबाई खुर्चीवर टेकत म्हणाल्या. "शिलाईचं काम चांगलं. उसवलेलं टाके घालून द्यायचं. पुण्याचंच काम म्हणायचं, न्हाई का ओ बाई?" हे शेवटचं त्या साबेराला म्हणाल्या.

"हौ आजी," साबेरा म्हणाली. एवढंच.

* * *

पोह्यांच्या बशा फिरल्या, नातीगोती जुळवून झाली, आणि मग दयानंदराव म्हणाले की मुलामुलीनं जरा बोलून घ्यावं. बैठकीत सगळी वडीलधारी माणसं बसलेली. म्हणून काकूंनी दोघांना गच्चीवर पाठवलं.

गच्चीवर बाज होती, तिच्यावर घोंगडी नीट घडी घालून ठेवलेली. शेजारी पाण्याचा तांब्या. वरती जिन्याच्या पत्र्याची थोडीशी सावली.

"इथं कोण झोपतं?" भागवतनं विचारलं.

"आमचे अप्पा. बाराही महिने. थंडी असो, पाऊस असो. पाऊस आला की बाज पत्र्याखाली ओढतात. खाली उकडतं म्हणतात." साक्षी हसली. "डिसेंबरात पण उकडतं त्यांना."

भागवत हसला नाही. त्यानं बाजेकडं जरा जास्तच वेळ पाहिलं. साक्षीला वाटलं, आपलं काहीतरी चुकलं. सकाळपासून एक गोष्ट तिला टोचत होती. ती आत्ता बोलली नाही तर जन्मभर तशीच राहील असं तिला वाटलं.

"मला एक सांगायचंय," ती म्हणाली. "खाली शिलाई केंद्र न्हाई. माझी वर्षाताई समुपदेशक हाय. मनाला लागलेलं घेऊन लोक तिच्याकडं येतात. लई मोठं काम हाय तिचं, अन् आम्ही तिच्या बोर्डावर चादर टाकली. मी पण हो म्हणलं. तुम्हाला हे चालत नसंल तर आत्ताच सांगा. माझं लग्न मोडलं तर मोडू द्या, पण खोटं बोलून नको."

भागवत कठड्याला टेकला. "मला माहीत हाय ते शिलाई केंद्र न्हाई," तो म्हणाला. "साबेरा मॅडमना मी ओळखतो."

मग त्यानं सांगितलं. यासेर नावाचा त्याचा जिवाभावाचा मित्र होता. नांदेडहून मोटारसायकलवर दोघं येत होते, भागवत चालवत होता. मागून ट्रक आला. भागवत वाचला, यासेर गेला. त्यानंतर ट्रकचा हॉर्न ऐकला की त्याचे हातपाय गार पडायचे, डोळ्यांसमोर अंधार यायचा. ऑफिसात कुणी जोरात दार आपटलं तरी तसंच. वर्षभर तो साबेरा मॅडमकडं जात होता. आता पुष्कळ बरं होतं.

"मी आज खाली सांगणार न्हवतो," तो म्हणाला. "तुमच्या घरचे काय म्हणतील ह्याची भीती वाटली. बाबांनापण अजून सांगितलं न्हाई."

साक्षी खुदकन हसली. तिला हसू आवरेना. "म्हणजे आम्ही तुमच्यापासून लपवून राहिलो, अन् तुम्ही आमच्यापासून?"

आता भागवतही हसला. दोघं इतकी हसली की खाली काकूंनी देवाला हात जोडले.

"सांगायचं?" त्यानं विचारलं.

"तुमचं तुम्ही ठरवा. माझं मी करून येते." साक्षी जिना उतरून गॅलरीत गेली, कठड्याची गाठ सोडली आणि चादर वर ओढून घेतली.

* * *

ती चादर छातीशी धरून बैठकीत आली तेव्हा अप्पा दयानंदरावांना तुरीचे भाव समजावत होते. ते वाक्यातच थांबले. साक्षीमागून भागवत आला. तो बसला नाही.

"बाबा, सगळ्यांसमोरच सांगतो," तो म्हणाला. वर्षा दारापाशी होती. तिला त्याचा आवाज सरळ वाटला. "शेजारी समुपदेशन केंद्र हाय. अन् मी नांदेडला ह्या साबेरा मॅडमकडं जात होतो. यासेर गेल्यापासून."

दयानंदराव गोंधळून म्हणाले, "कशाला? तुला काय झालं होतं?"

"मला गाडी चालवता येत न्हवती."

"तू तर म्हणलास, अॅव्हरेज देत न्हाई म्हणून विकली!"

"तसं म्हणलं."

दयानंदराव साबेराकडं वळले. त्यांच्या आवाजात राग कमी आणि दुखावणं जास्त होतं. "बाई, कधीपासून येत होता हा? काय म्हणायचा?"

"ते तो सांगेल," साबेरा मऊ आवाजात म्हणाली. "मी न्हाई सांगू शकत. माफ करा."

"बापाला न सांगता एकटाच जायचास?"

"एकटा कशाला?" केवळाबाई म्हणाल्या. "मी न्यायची की त्याला."

"तू? तू तर गुडघ्याच्या दवाखान्यात जायचीस!"

"माझ्या गुडघ्याला काय झालंय? ही काठी नुसती तुला दाखवायला. अजून रानात खुरपायला जाते मी."

रत्नम्मांना हसू फुटलं. त्यांनी केवळाबाईंच्या हातावर टाळी दिली, आणि एका क्षणात दोन्ही म्हाताऱ्या एका पक्षात गेल्या. दयानंदरावांनी कपाळाला हात लावला, मग तोच हात लेकाच्या पाठीवर ठेवला. "मला का न्हाई सांगितलंस रे?" ते हळूच म्हणाले. "मी काय खाल्लं असतं का तुला?"

वर्षाला वाटलं, झालं, आता सगळं सोपं झालं. तेवढ्यात अप्पा खाकरले.

"दयानंदराव, राग मानू नका. पण आम्हाला आता जरा इचार करावा लागंल."

"अप्पा!" साक्षी म्हणाली.

"तू गप. आज बरं हाय, उद्या पुन्हा झालं तर? पोर द्यायचीय आम्हाला." ते भागवतकडं बघत नव्हते. भिंतीकडं बघून बोलत होते. "असलं काही घरात असलं म्हणजे... माणसानं मन घट्ट ठेवावं. सगळ्यांवरच येळ येते. सगळे काय असे जाऊन बसतात का कुणाकडं?"

सकाळी पाहुणे आपल्याला नाकारतील म्हणून चादर बांधणारा माणूस आता पाहुण्यांना नाकारत होता. भागवतनं मान खाली घातली. काकू नवऱ्याची बाजू घ्यायला पुढं सरकल्या, लेकीचा चेहरा पाहिला आणि मागं सरल्या.

रत्नम्मा मांडीवर थाप मारून उठल्या. "शिवा! तुझ्या तोंडून हे निघतंय? मन घट्ट ठेवावं म्हणतोस? सांगू का मी ह्या लोकांना? सांगू, तू गच्चीवर का झोप—"

"आत्या," वर्षा म्हणाली.

"न्हाई, आज बोलू दे मला. मलप्पाला त्या दगडांतून काढलं ते ह्यानंच अन् तवापासून—"

"आत्या, थांब." वर्षा पुढं आली आणि तिनं रत्नम्मांचा हात धरला. "ते काकांचं हाय. त्यांनी उघडलं तर उघडायचं. तू न्हाई, मी न्हाई, कुणीच न्हाई."

"अगं, तुझ्यासाठीच बोलते मी! तुझ्या कामासाठी!"

"माझ्या कामासाठी तर मुळीच नको. असं भांडणात वापरायचं नसतं ते." वर्षानं हात सोडला नाही. "लोक मला सांग गं, कसं झालं म्हणायचे, तवा तू झाडू घेऊन उठायचीस. आठवतं का?"

रत्नम्मा सावकाश खाली बसल्या. "हाव," त्या म्हणाल्या. "उठायची मी."

वर्षाला गच्चीचं सगळं ठाऊक होतं. शिकायला लागली तेव्हाच तिला उमगलं होतं. काकांनी आपल्या भावाला आणि वहिनीला स्वतःच्या हातांनी बाहेर काढलं होतं आणि त्यानंतर ते कधीही घराच्या छपराखाली झोपले नव्हते. पण तिनं त्यांना कधी विचारलं नाही. घरच्या माणसाचं समुपदेशक होता येत नाही, हे एक कारण होतं. दुसरं असं की ती त्यांच्या बोलण्याची वाट पाहत होती. काका बोलतील ही आशा तिनं सोडली नव्हती, घाईही केली नव्हती.

अप्पांनी आता पहिल्यांदा भिंतीवरची नजर काढून पुतणीकडं पाहिलं. तिच्या बोर्डावर त्यांनी सकाळी चादर टाकली होती. आणि तिनं आत्ता, भरल्या बैठकीत, त्यांची लाज राखली होती. ते उठले आणि चपला न घालताच बाहेर जाऊन ओट्यावर बसले.

"वर्षा, जा गं तू," काकू कुजबुजल्या. "तुझं ऐकतील."

"बोलवायचं असंल तर बोलावतील, काकू."

"अन् न्हाई बोलावलं तर?"

"तर बसू द्या थोडं."

हे म्हणणं सोपं होतं. थांबणं वर्षालाही जड जात होतं. किती वेळा तिनं दुसऱ्यांच्या शेजारी असं थांबून काढलं होतं, पण ओट्यावर दिसणारी ही पाठ तिच्या स्वतःच्या काकाची होती. साबेरानं तिच्या हातात पाण्याचा पेला दिला. केवळाबाईंनी भज्जीत खोबरं घालतात का, असं काकूंना विचारलं, आणि काकूंनी रडक्या आवाजात सगळी कृती सांगायला सुरुवात केली.

मग बाहेरून हाक आली.

"भागवत."

वर्षाला नव्हती ती हाक. सगळे एकमेकांकडं बघायला लागले. भागवत उठला आणि बाहेर गेला.

खिडकी उघडी होती. बाहेर दोघं ओट्यावर शेजारी बसलेले दिसत होते, मधे एका माणसाची जागा सोडून. मग अप्पांचा आवाज आला, इतका हळू की साक्षी खिडकीशी सरकली.

"आत्ता हॉर्न वाजला तर होतं का तुला?"

"होतं कधी कधी. पैल्यासारखं न्हाई."

"मग काय करतोस?"

"थांबतो. पाय जमिनीला टेकवतो. आपण कुठं हावोत ते बघतो. हे उदगीर हाय, हा ओटा हाय, असं. मग उतरतं."

"अन् झोप? झोप लागती का?"

"लई दिवस लागत न्हवती. आता लागती."

"छपराखाली?" अप्पांनी विचारलं.

वर्षानं खिडकीचं दार हलकेच लोटून घेतलं. पुढचं ऐकायचं तिला काही कारण नव्हतं. ती वळली तेव्हा तिचा चेहरा ओला होता आणि ती हसत होती, आणि साक्षी येऊन तिच्या गळ्यात पडली. "ताई, सकाळचं..." असं काहीतरी ती म्हणत होती. वर्षानं तिला पुढं बोलू दिलं नाही, तिचे केस नुसते मागं सारले.

उंडे गार व्हायला लागले. आंबिलीवर साय धरली. दयानंदराव दोनदा उठून पुन्हा बसले. शेवटी काकूंनाच राहवलं नाही. त्या हातात पळी घेऊन दारात गेल्या आणि ओट्याकडं तोंड करून ओरडल्या, "अहो, पानं वाढलीत! येता का?"

अप्पांनी मान वळवली. त्यांचे डोळे लालबुंद झाले होते पण आवाज मोंढ्यातला, नेहमीचा होता.

"तुम्ही बसून घ्या जेवायला," ते म्हणाले. "जावईबापू अन् मी जरा बोलून राहिलो."

काकूंच्या हातातली पळी खाली पडली. आत केवळाबाईंनी आधी टाळी वाजवली, मग रत्नम्मांनी.